अंडररेटेड बँडला मराठीत काय म्हणायचं? उपेक्षित, दुर्लक्षित की आणखी काही?

मंडळी, एक शब्द हवाय.

गेली काही वर्षं माझं नवीन गाणी शोधणं जवळजवळ सगळं पॉडकास्टवर चाललंय. म्हणजे रॉक आणि इंडीवाल्यांच्या तास-दीड तासाच्या मुलाखती लोकलमध्ये ऐकायच्या, त्यात बोलता बोलता कुणीतरी एखाद्या जुन्या बँडचं नाव घेतो, ते नाव लिहून ठेवायचं आणि घरी आल्यावर शोधून ऐकायचं. अमेरिकी विनोदवीर मार्क मॅरनचा डब्ल्यूटीएफ हा पॉडकास्ट २००९ ते २०२५ असा चालला, लॉस एंजेलिसमधल्या घराच्या गॅरेजमुळे ओळखला जाणारा कार्यक्रम, त्यात प्रसिद्ध लोक होतेच, पण मला त्या प्रसिद्ध लोकांनी घेतलेली कुणाच्या गावीही नसलेली नावं जास्त कामाला आली. मग मी मित्रांच्या ग्रुपवर मराठीत लिहायला बसतो आणि दर वेळी 'हा फार अंडररेटेड बँड आहे' यावरच येऊन थांबतो.

'उपेक्षित' वापरून पाहिला. पण उपेक्षित कलावंत म्हटलं की डोळ्यासमोर मानधनाचा अर्ज आणि शाल-श्रीफळ येतं. शिवाय उपेक्षा म्हणजे दिसत असूनही किंमत न देणं. दुर्लक्षात तेवढा दुष्टपणा नाही, लक्ष दुसरीकडे होतं इतकंच. मुलाखती ऐकून माझ्या लक्षात आलं की दर बँडमागचं कारण वेगळं असतं आणि 'अंडररेटेड' म्हटलं की ते कारणच पुसलं जातं. म्हणून तीन उदाहरणं देतो, शब्द तुम्ही सुचवा.

एक, बिग स्टार, मेम्फिसचा बँड. पहिला अल्बम १९७२चा. समीक्षकांनी भरभरून लिहिलं, पण रेकॉर्ड दुकानात पोचलीच नाही, कारण वितरण स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीकडे होतं, मग स्टॅक्स आणि कोलंबिया या मोठ्या कंपनीचा करार झाला आणि त्या गोंधळात माल अडकला. मूळ चौघांपैकी आता ड्रमर जोडी स्टीफन्स एकटाच हयात आहे आणि तो मुलाखतींमध्ये हे सगळं इतक्या शांतपणे सांगतो की ऐकणाऱ्याचाच जीव तुटतो.

दोन, डेथ नावाचा बँड. डेट्रॉइटचे तीन कृष्णवर्णीय सख्खे भाऊ, १९७५ साली असं काही वाजवत होते ज्याला नंतर पंक म्हणायला लागले. रेकॉर्ड कंपनीवाल्या क्लाइव्ह डेव्हिसला गाणी आवडली होती, पण नाव बदला म्हणाला. थोरला डेव्हिड हॅकनी नाही म्हणाला, बस, संपलं. १९७६ला स्वतःच एका रेकॉर्डच्या ५०० प्रती काढल्या आणि तेव्हाची गाणी अल्बम म्हणून बाहेर आली थेट २००९ला. डेव्हिड २०००मध्येच गेला होता.

तीन, ब्रिटिश गायिका वाश्ती बनियन. १९७०चा एकच अल्बम, कुणी ऐकला नाही, बाईंनी गाणंच सोडलं. २०००मध्ये तो परत निघाला आणि दुसरा अल्बम आला २००५ला.

या तिघांना एकच शब्द लावायचा?

प्रतिसाद:
एकच लावू नका ना! डेथला 'डावललेले'. डावलण्यात समोरच्याचा हेतू येतो, अट घातली आणि ती मानली नाही म्हणून बाजूला केलं. वाश्तीबाईंना 'अलक्षित', म्हणजे नजरेलाच न पडलेल्या. बिग स्टारला मात्र यातलं काहीच नको, ते सरळ 'न पोचलेले'.

प्रतिसाद:
मी 'चीज न झालेला' म्हणेन. कष्टाचं चीज झालं नाही असं आपण रोज बोलतो, शिवाय गाण्यातल्या बंदिशीलाही चीजच म्हणतात, त्यामुळे गायक-वादकांच्या बाबतीत हा शब्द ऐकायला छान वाटतो. अडचण एवढीच की विशेषण म्हणून तो जड जातो. 'चीज न झालेला गिटारिस्ट' असं तोंडात बसत नाही, 'त्याच्या गाण्याचं चीज झालं नाही' असं पूर्ण वाक्यच करावं लागतं.

प्रतिसाद:
मुळात बिग स्टारला अंडररेटेड म्हणणंच पटत नाही. रेटिंग त्यांना भरपूर मिळालं, गिऱ्हाईक मिळालं नाही! हा शब्द आपण सरसकट 'माझ्या मित्रांना माहीत नसलेला' या अर्थी वापरतो, इंग्रजीतही तेच चाललंय.

आणि धाग्यात 'इंडी' आलाय तर त्याबद्दलही, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांना इंडी म्हणजे इंडियन वाटतं. तो इंडिपेंडंटचा तुकडा आहे. ब्रिटनमध्ये जानेवारी १९८०ला वेगळा इंडी चार्ट सुरू झाला आणि त्यात शिरायची अट गाण्याच्या चालीची नव्हती, वितरणाची होती. रेकॉर्ड मोठ्या कंपनीच्या जाळ्यातून न जाता दुकानात गेली पाहिजे एवढंच. म्हणजे हा धंद्याचा शब्द, पुढे त्याची शैली झाली. नव्वदच्या दशकातला आपला 'इंडीपॉप' वेगळा, तिथे इंडी म्हणजे खरोखरच इंडियन. गोंधळ बहुतेक तिथूनच आलाय.

प्रतिसाद:
वरच्या प्रतिसादाला +१. मग इंडीला 'स्वतंत्र' म्हणायचं की 'हौशी'? मला विचाराल तर हौशी हा शब्द विनाकारण खालचा मानला जातो. आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धा हौशींची असते आणि तिच्यातून किती मोठी माणसं आली. गायडेड बाय व्हॉइसेस या बँडचा रॉबर्ट पोलार्ड ओहायोतल्या डेटनमध्ये शाळामास्तर होता, चौथीच्या मुलांना शिकवायचा आणि सुटीच्या वेळात मित्रांबरोबर चार ट्रॅकच्या मशीनवर गाणी रेकॉर्ड करायचा. १९९४चा 'बी थाउजंड' हा अल्बम असाच झाला, त्यात टेपची खरखर आहे, गाणी दीड-दोन मिनिटांत संपतात आणि चाली मात्र एकाहून एक. नोकरी करून रात्री हे करणाऱ्या माणसाला हौशी म्हणण्यात मला तरी आदरच दिसतो.

प्रतिसाद:
माझा मुद्दा 'मुलाखत'वर आहे. मूळ अरबी मुलाकात, म्हणजे भेट. हिंदीत अजून तोच अर्थ आहे आणि आपल्या जुन्या कागदपत्रांतही मुलाखत झाली म्हणजे भेट झाली. प्रश्नोत्तरं हा अर्थ नंतर चिकटला, मग नोकरीची मुलाखत आली, प्रकट मुलाखत आली. चांगल्या पॉडकास्टमध्ये मला तो जुना अर्थ परत ऐकू येतो, दोन माणसं भेटलीयत आणि निघायची घाई कुणालाच नाही. रेडिओवर चार मिनिटांत नवा अल्बम कधी येतोय एवढंच विचारून होतं, पण तासाभराच्या भेटीत माणूस आपल्या आधीच्यांबद्दल बोलायला लागतो, कुणाच्या गाडीतून वाद्यं नेली, कुणाची चाल मनात धरून हे गाणं बांधलं, आणि आपल्याला हवी असलेली नावं तिथेच निघतात.

पण मग साँग एक्स्प्लोडर या पॉडकास्टला काय म्हणायचं? हृषिकेश हिरवे २०१४पासून करतोय, स्वतःही संगीतकार आहे, द वन एएम रेडिओ नावाने गाणी काढायचा. एक गाणं घेऊन त्याचे ट्रॅक सुटे करून ऐकवतो, आधी नुसते ड्रम, मग बेस, मग कच्चा आवाज. यात त्याचे प्रश्न जवळजवळ सगळे कापलेले असतात, कलाकार एकटाच बोलतोय असं वाटतं. मुलाखत म्हणू की मनोगत?

प्रतिसाद:
मनोगत. विचारणारा दिसत नसला तरी मांडणी त्याचीच आहे हे खरं, पण ऐकणाऱ्याला जे मिळतं त्याला मनोगतच म्हणावं.

धागालेखक:
सगळ्यांचे आभार, मनापासून. 'डावललेले' तर मी कालच वापरला. भेटीचा मुद्दा फार आवडला. मुंबईच्या मे मरियम थॉमसचा 'मेड इन इंडिया' नावाचा पॉडकास्ट आहे (मेडचं स्पेलिंग Maed, तिच्या Mae या नावावरून), त्यात आपल्याकडचे इंडी कलाकार गप्पा मारतात आणि तिथेच साधेपणाने गाऊनही दाखवतात, त्याला भेट हाच शब्द बसतो.

अजून एक छोटी शंका. असा बँड 'मी शोधला' म्हणावं का? ते तिथे होतेच, मी काय शोधणार?

प्रतिसाद:
'गवसला' म्हणा. शोधला म्हटलं की श्रेय तुमचं, सापडला म्हटलं तर हरवलेली किल्ली सापडल्यासारखं वाटतं. गवसणं गवेषणावरून आलाय असं मानतात, म्हणजे शोधणं त्यात आहे, पण मराठीत 'मला गवसलं' अशी रचना असल्यामुळे 'मी'पणा निघून जातो. (तंबोऱ्याच्या खोळीलाही गवसणीच म्हणतात, ते आपलं जाता जाता.)

प्रतिसाद:
मूळ प्रश्नावर कुणीच साधा शब्द कसा सुचवला नाही? गाजणे! संस्कृत गर्ज् वरून, म्हणजे मुळात आवाजाचाच शब्द. गाजलेला गायक, गाजलेलं गाणं हे आपण म्हणतोच, मग अंडररेटेडला 'न गाजलेला' म्हणा. कारण काहीही असो, वितरण, नाव, नशीब, सगळ्यांना चालतो.

धागालेखक:
जवळ आलात, पण 'न गाजलेला' वाईट बँडलाही लागू होतो. न गाजलेले बँड हजारो आहेत आणि बरेचसे न गाजले हे ठीकच झालं. गाजायला हवा होता ही हळहळ त्यात येत नाही. 'गाजायचा राहून गेलेला' कसा वाटतो? राहून जाणं म्हटलं की काहीतरी व्हायला हवं होतं आणि झालं नाही हे आपोआप कळतं.

प्रतिसाद:
हा झकास आहे, पण कुठे गाजायचा राहिला तेही सांगावं लागेल. गायक रॉड्रिगेझ घ्या, तोही डेट्रॉइटचा. १९७०चा 'कोल्ड फॅक्ट' हा त्याचा अल्बम अमेरिकेत पडला, दक्षिण आफ्रिकेत घराघरात वाजत होता आणि त्या बिचाऱ्याला वर्षानुवर्षं पत्ता नव्हता, बांधकामावर आणि घरं पाडायच्या कामावर मजुरी करत होता. तिकडच्या लोकांना अंडररेटेड म्हटलं तर ते भांडतील.

धागालेखक:
बरोबर, मग 'अमेरिकेत गाजायचा राहून गेलेला' लिहू, जागा सांगितली की वाक्य उलट जास्त खरं होतं. आणि लिंगाप्रमाणे चालवता येतो हेही बरं, वाश्ती बनियन गाजायची राहून गेलेली, बिग स्टार गाजायचा राहून गेलेला. कारण माहीत असेल तेव्हा डावललेला, अलक्षित, न पोचलेला यातला नेमका शब्द घ्यायचा, आणि नुसतं नाव कानावर पडलंय, पूर्ण मुलाखत अजून ऐकायचीय, तोवर हा. आज रात्री ग्रुपवर डेथबद्दल लिहितोय, त्यात दोन्ही वापरून बघतो.