कृतवर्म्याच्या निष्ठेवरील माझी कथा: वाचकांचा आक्षेप मान्य करावा का?

शमीपत्र
महाभारतातील सौप्तिकपर्वावर आधारित एक फॅन फिक्शन मी लिहिले असून ते काही वाचकांना अभिप्रायासाठी दिले होते. भीमाच्या गदेने मांड्या भंगलेला दुर्योधन रणभूमीवर पडला आहे, त्याच्या बाजूचे अश्वत्थामा, कृपाचार्य आणि यादव वीर कृतवर्मा एवढे तिघेच उरले आहेत, आणि त्याच रात्री पांडवांच्या निद्रिस्त शिबिरावर हल्ला होतो; हा सारा प्रसंग मी कृतवर्म्याच्या तोंडून सांगितला आहे. माझ्या कथेत शिबिराच्या दारापाशी पोहोचेपर्यंत त्याला अश्वत्थाम्याचा बेत ठाऊक नसतो. तो कळल्यावर हादरतो, परंतु पडलेल्या राजाची साथ सोडवत नाही म्हणून तेथेच थांबतो. दोन वाचकांनी ‘तुम्ही त्याला फारच निर्दोष करून टाकले आहे’ असे कळवले. वाचकाला त्याच्याविषयी आपुलकी वाटली नाही, तर त्याची निष्ठा तरी कशी पोहोचणार, असा माझा प्रश्न आहे.

औदुंबर
त्या दोन वाचकांचे म्हणणे मला पटते. मूळ कथेत बेत दारापाशी नव्हे, तर हे तिघे रात्री ज्या वडाखाली थांबतात तेथे उघड होतो. झोपलेल्या कावळ्यांना घुबड मारते, ते पाहून अश्वत्थामा सोबतच्या दोघांना उठवतो आणि मनातले सांगतो; ते ऐकून दोघेही लाजेने निरुत्तर होतात. पुढे कृपाचार्य त्याला परोपरीने समजावतात, धृतराष्ट्र, गांधारी आणि विदुर यांचा सल्ला घेऊ असेही सुचवतात. तरीही तो रथ जोडू लागतो, तेव्हा ‘तुझ्या सुखदुःखात आम्ही तुझ्याबरोबरच आहोत’ अशा अर्थाचे उत्तर देणाऱ्यांत कृतवर्माही असतो. म्हणजे जे घडणार ते लाजिरवाणे आहे हे त्याला कळलेले आहे आणि तरीही तो निघाला आहे. तुमच्या कथेतील अज्ञानामुळे नेमकी हीच जागा पुसली जाते, आणि निष्ठेची परीक्षा होण्याआधीच तुम्ही त्याला उत्तीर्ण करून मोकळ्या होता. शिवाय दारापाशी तो नुसता उभा राहत नाही. आतून जीव घेऊन पळत येणाऱ्या, शस्त्र टाकून हात जोडणाऱ्या माणसांना तो आणि कृपाचार्य कापून काढतात आणि शिबिराला तीन ठिकाणी आग लावतात. अभिमन्यूला घेरणाऱ्या सहा महारथींतही तो होताच. वाचकाला त्याची माया वाटू द्या, पण ती या कृत्यांसह वाटू द्या.

रेवाकाठ
मी नंदुरबारकडचा. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास, अश्वत्थाम्याचे स्थान मानल्या जाणाऱ्या अस्तंब्याच्या डोंगरावर यात्रा भरते, त्यामुळे अश्वत्थाम्यावरच्या कथांना तोटा नाही; आपण कृतवर्म्याकडे वळलात याचा म्हणूनच अधिक आनंद झाला. औदुंबर यांचा मुद्दा योग्य आहे, परंतु सहानुभूतीसाठी लागणारा ऐवज मूळ ग्रंथातच आहे. उद्योगपर्वात कृष्णाला कैद करण्याचा दुर्योधनाचा डाव कृष्णासोबत आलेल्या यादव वीर सात्यकीच्या ध्यानात येतो, तेव्हा सैन्य सज्ज करून सभेच्या दाराशी उभे राहण्यास तो कृतवर्म्यालाच सांगतो. तेथे कृष्णाच्या रक्षणासाठी दार धरणारा हा यादव वीर पुढे कृष्णाच्याच आप्तांच्या शिबिराचे दार अडवतो, या दोन दारांमधले अंतर आपल्या कथेत कोठेच येत नाही.

आणखी एक. त्या रात्रीची वार्ता युधिष्ठिराला कळते ती पांडवांचा सेनापती धृष्टद्युम्न याच्या सारथ्यामुळे, आणि आपण व्यग्र असलेल्या कृतवर्म्याच्या हातून कसेबसे निसटलो, असे तो सांगतो. कृतवर्मा खरोखरच व्यग्र होता, की त्याने नजर फिरवली? व्यासांनी खुलासा केलेला नाही, आणि फॅन फिक्शनला याहून चांगली फट मिळायची नाही. मात्र तेथेही त्याला पुण्यवान करू नये. एकाला जाऊ देऊन तो पुढच्यावर शस्त्र उगारतो, असे लिहिल्यास माणूस उभा राहील.

जुना वाचक
मूळ ग्रंथात आहे तसेच लिहायचे, तर फॅन फिक्शन हवेच कशाला? लेखिकेला बदल करण्याचा पूर्ण अधिकार आहे. माझी तक्रार निराळी आहे. ही निष्ठा नेमकी कोणावर, हे कथेत स्पष्ट होत नाही. दुर्योधनाने पडल्या जागेवरून कृपाचार्यांकरवी अश्वत्थाम्याला सेनापतिपदाचा अभिषेक करवला होता. त्यामुळे कृतवर्मा मरणासन्न राजासाठी उभा आहे, की दोनच योद्ध्यांचे सैन्य असलेल्या सेनापतीच्या आज्ञेत आहे, याचा निर्णय आधी व्हावा.

शमीपत्र
अज्ञानाचा भाग काढून टाकते, आणि सारथ्याचा प्रसंग नव्याने लिहिते. सेनापतीच्या आज्ञेचा मुद्दा वडाखालच्या संवादात आणता येईल. आता प्रश्न शेवटाचा आहे. युद्धानंतर छत्तिसाव्या वर्षी प्रभासक्षेत्री सात्यकी कृतवर्म्याला निद्रिस्तांच्या वधावरून हिणवतो, तो उलट हात तुटून बसलेल्या भूरिश्रव्याला सात्यकीनेच मारल्याची आठवण काढतो, आणि सात्यकी त्याचा शिरच्छेद करतो. हे घ्यावे का?

औदुंबर
घेऊ नये. तेथे त्याला शिक्षा मिळते आणि वाचकाची सुटका होते. तिघे परत येऊन वार्ता सांगतात, भीष्म, कर्ण आणि द्रोण यांना जे जमले नाही ते तुम्ही केलेत, असे दुर्योधन समाधानाने म्हणतो आणि प्राण सोडतो. त्या प्रशंसेत कृतवर्म्याचाही वाटा आहे. ती त्याला ऐकू द्या आणि कथा तेथेच थांबवा.