रविवारची वाई: पाचगणी जोडायची की नाही?

बी २०४: रविवारी वाई फिक्स. गाइड सरांशी बोलणं झालं, तिथल्याच शाळेतून रिटायर झालेत, गणपती घाटापासून काठाकाठाने निवांत फिरवतो म्हणाले. सातला घाटावर पोचायचंय हं, नंतर पायऱ्या नुसत्या तापतात

ए १०१: एवढं जातोच आहोत तर दुपारी पाचगणी पण उरकून घेऊ की, टेबललँड वगैरे

बी २०४: काका, उरकायचंच असेल तर घरी बसून फोटो बघू ना 😄 मागे एका टूरवाल्याबरोबर गेले होते, ढोल्या गणपतीला दहा मिनिटं दिली, दर्शन, सेल्फी, चला गाडीत. देवळाच्या मागे कुणी गेलंच नाही. आणि खरी गंमत तिथेच आहे, मागची भिंत माशासारखी निमुळती बांधलीये, कृष्णेला पूर आला की पाणी त्यावर आपटून दोन्ही बाजूंनी फाटून जातं. १७६२ चं देऊळ आहे, पेशव्यांचे सरदार रास्ते, त्यांनी बांधलेलं, आणि आत गणपती एवढा थोरला पण एकाच दगडातला. शेजारी काशीविश्वेश्वर, तेही रास्त्यांचंच, तिथला नंदी नीट बघा, गळ्यातल्या माळा, घंटा सगळं दगडातच कोरलंय

सी ३०३: माझ्या गुडघ्यांचं काय गं? पायऱ्या किती आहेत?

बी २०४: काकू सगळ्या उतरायच्याच असं नाही, वरच्या पायरीवर बसलात तरी नदी समोरच. मेणवली तीनेक किलोमीटर, तिथे गाडीनेच जायचंय

ए ४०२: मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा ना? भिंतींवर जुनी चित्रं आहेत म्हणे

बी २०४: हो दादा, आणि वाड्यामागे उतरलं की घाट. तिथे देवळाजवळ एक भली मोठी घंटा आहे, त्यावर चक्क मेरी आणि बाळ येशू! चिमाजी अप्पांनी १७३९ ला पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा चर्चमधल्या घंटा आणल्या त्यातली ही, घंटेवर १७०७ साल आहे. आपली पोरं मोबाईलमधून डोकं वर काढतील तर तिथेच काढतील

ए १०१: बरं बाई, पाचगणी कॅन्सल. पण मग जाता जाता धोम? नरसिंहाचं देऊळ आहे, कासवावरचा नंदी आहे

सी ३०३: भाऊजी 🙏🙏

बी २०४: धोम चालेल काका, पण मेणवली पोटभर बघून झाल्यावर वेळ उरला तरच. आणि घाटावर बायका कपडे धूत असतात, विचारल्याशिवाय त्यांचे फोटो काढायचे नाहीत, सरांनी आधीच बजावलंय

ए ४०२: आमचे चार धर. शेवाळलेल्या पायऱ्यांवर पोरांना एकटं सोडायचं नाही, एवढं सगळ्यांनी बघा

बी २०४: हो, आणि चप्पल ग्रिपवाली. नावं आज रात्रीपर्यंत द्या, गाडी सांगायचीये