निपाणीहून तीसेक जण येणार, बेळगाव पायी कसं दाखवावं?

निपाणीकर:
नमस्कार मंडळी. आमच्या पतसंस्थेला 25 वर्षं झाली, म्हणून डिसेंबरात एका रविवारी सगळ्या स्टाफला बेळगाव चालत दाखवायचं ठरलंय. संचालकांपैकी दोघं सत्तरीचे, चिकोडी-अथणीकडची आठ-दहा माणसं कन्नड बोलणारी. यादी अशी काढलीय: किल्ला, त्यातलं कमल बस्ती हे जैन मंदिर, कपिलेश्वर आणि मिलिटरी महादेव ही देवळं, वीरसौध हे 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाचं स्मारक. सकाळी आठ ते बारा. जमेल का?

गल्लीबोळ_बेळगाव:
दादा, यादी निम्मी करा. किल्ला एका टोकाला, वीरसौध पार टिळकवाडीत. हे सगळं चालत जोडलं तर पाय दुखल्याचंच तेवढं लक्षात राहील.

मी शाळांचे, बँकांचे गट फिरवते. आधी विचारते, येणारी माणसं रोज काय काम करतात? त्यावर वाट ठरते. तुम्ही कर्ज देणारी माणसं, मग किर्लोस्कर रोडला थांबाच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली सायकलचं दुकान काढलं ते या गावात. लोखंडी नांगर केले, तर शेतकरी सुरुवातीला हात लावेनात. पुढं जागा सोडावी लागली आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे सांगितलं की बँकेची माणसं विचारायची थांबतच नाहीत. नांगर खपत नव्हते तेव्हा भांडवल कुठनं आणलं, हप्ते कसे फेडले, प्रश्नावर प्रश्न!

सुरुवात खरं किल्ल्यातनंच करा. कमल बस्तीला अर्धा तास ठेवाच. 1204 सालचं काम, रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य, त्याच्या बिचिराज मंत्र्यानं बांधवलेलं. मंडपाच्या छतातनं दगडी कमळ खाली उतरलंय, त्याच्या पाकळ्यांत 72 तीर्थंकर: होऊन गेलेले 24, आताचे 24, येणारे 24. सगळे एकदम आत शिरले तर कुणालाच धड दिसत नाही. आठ-आठ जण कमळाखाली उभे करा आणि दोन मिनिटं माहिती सांगू नका. डोळे सावलीला सरावले की पाकळ्या एकेक सुट्या दिसायला लागतात. हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि कन्नड मंडळींना मराठीतलं ऐकवून मागनं चार वाक्यं सांगायची, असं करू नका. त्यांचा वेगळा गट, कन्नड सांगणारा माणूस. तीही तुमच्याच संस्थेची माणसं.

टिळकवाडीकर:
ताईंशी सहमत. किल्ल्यातला रामकृष्ण आश्रमही घ्या. 1892 च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावात आले, आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडे आणि मग किल्ल्यात हरिपद मित्र या वन अधिकाऱ्यांकडे राहिले, आश्रम तिथंच आहे. दोन्ही ठिकाणं एका वाटेत बसतात. खडेबाजार गर्दी व्हायच्या आत पार करा.

निपाणीकर:
मिलिटरी महादेव काढला. कपिलेश्वरही पुढच्या वेळी. खरं वीरसौध सोडायला संचालक तयार नाहीत. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एकदाच, 1924 ला, तेही बेळगावात, असं त्यांचं म्हणणं.

गल्लीबोळ_बेळगाव:
बरोबरच आहे त्यांचं. मग किल्ला ते किर्लोस्कर रोड चालत, तिथनं बसनं टिळकवाडी. वीरसौध बघून काँग्रेस विहिरीवरही न्या, अधिवेशनाच्या पाण्यासाठी खणलेली आहे. सत्तरीच्या दोघांना वाटेत कुठं बसवायचं ते आदल्या दिवशी स्वतः चालून ठरवा. कुंदा, म्हणजे इथली मिठाई, घ्यायचं शेवटी ठेवा, नाहीतर डबे हातात घेऊन फिरावं लागेल.