हॉस्टेलचं कंपोस्ट शिवारातले लोक का नेत नाहीत?

प्रश्न : खानापूरवाला (इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष, बेळगाव)

आमच्या हॉस्टेल मेसचा ओला कचरा आता आवाराबाहेर जात नाही. भाजीचे देठ, उरलेला भात, झाडांचा पाला, सगळं मागच्या खड्ड्यांत जातं. तयार खत येळ्ळूर-वडगावच्या शेतकऱ्यांना फुकट द्यायचं ठरलं. जुलैत पोती भरून ठेवली. एकदा नेलेले परत फिरकले नाहीत. मित्र म्हणतात, बागेत टाक आणि मोकळा हो. मला ते पटत नाही. कॉलेज हिरवं झालं आणि शेजारच्या शिवाराला काहीच मिळालं नाही, तर हे कशासाठी करायचं? नेमकं अडतंय कुठं?

उत्तर : शिवारातला

बाळा, वडगाव शिवारात माझं भात असतं. असलं खत एका ठिकाणाहून मी आणलेलं, म्हणून सांगतो. पोतं उलटं केलं तर दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, सॉसच्या पुड्या, चहाचे कप. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो. कागद कुजतो, थर तसाच राहतो. त्यात स्टेपलरच्या पिना. लावणीला बायका अनवाणी चिखलात असतात. माझ्या काकूच्या टाचेत पिन गेली, जखम पिकली, ऐन लावणीत ती घरी बसली. असलं पोतं परत कोण नेईल, सांग बघू.

दुसरं म्हणजे वेळ. धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत केलेली पेरणी, मेअखेर, जूनच्या सुरुवातीला उरकते. खत गुढीपाडव्यानंतर शेतात पडायला पाहिजे. जुलैत बळ्ळारी नाला फुगून बांधावरून आत आला की टाकलेलं खत डोळ्यांदेखत वाहून जातं.

नाल्याचं नाव निघालंच आहे तर मनातलं बोलतो. पावसाळ्यात पाणी तुंबून आमचं भात कुजतं. गाळ आणि जलपर्णी आहेच, पण शहरभर पेव्हर आणि काँक्रीट झालंय, पाणी जिरायला जागा कुठं आहे? ज्या कॉलेजांचा उतार नाल्याकडं आहे, त्यांच्या पार्किंगवरचा पाऊस आमच्या वाफ्यात येतो. तुमच्या आवारातलं पाणी तिथंच जिरवा. आम्हाला खतापेक्षा त्याची गरज जास्त आहे.

उत्तर : निवृत्त शेतकी मास्तर

वरच्यांचं शब्दन् शब्द खरं. २०१६ च्या घनकचरा नियमांत ५,००० चौरस मीटरहून मोठ्या आवाराच्या संस्थांनी कचरा वेगळा करावा आणि ओला शक्यतो आवारातच जिरवावा असं होतं. म्हणजे खड्डा काढणं हे कॉलेजचं कामच आहे, शेतकऱ्यांवर उपकार नव्हे.

कचरा ताटापाशीच वेगळा व्हायला हवा, खड्ड्यावर निवडत बसून जमत नाही. ओल्यावर दरवेळी सुका पाला भरपूर टाक, नाहीतर उरलेल्या भाताचा चिकट गोळा होतो आणि घाण वास सुटतो. मूठ दाबली की हात ओला व्हावा, पाणी गळू नये. तयार झाल्यावर वाळूच्या चाळणीतून काढ. पिनांसाठी लोहचुंबक फिरव, वर्कशॉपमध्ये मिळेल.

खानापूरवाला :

काका, काकूंचं वाचून फार वाईट वाटलं. मेसमध्ये पुड्या आणि कप यांच्यासाठी वेगळा डबा उद्याच ठेवायला लावतो. आत्ताची पोती बाहेर देणार नाही. चाळलेलं खत पाडव्याच्या आधी तुम्हाला दाखवायला आणतो, तुम्ही हात घालून बघा, मगच गावात सांगा. पार्किंगचं पाणी कुठून कुठं जातं ते सिव्हिलच्या मुलांना घेऊन पहिल्या पावसात बघतो. नाल्याकडच्या टोकाला तुम्ही आमच्याबरोबर याल का?

शिवारातला :

येतो की. सकाळी लवकर ये, नंतर मी शेतात असतो.