गाडी गॅरेजात अडकली, बदली गाडी हवी आहे (सीट उंच असलेली!)

धायरीची

नमस्कार मंडळी. पंधरा दिवसांपूर्वी नवले पुलाच्या उतारावर एका टेम्पोने माझी वॅगनआर डावीकडून घासत नेली. कोणाला लागलं नाही, पण पुढचं डावं दार आत गेलं आणि दोन दारांमधला खांब वाकला. क्लेम कॅशलेस आहे (बिल इन्शुरन्स कंपनी थेट गॅरेजला देते), कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघून गेला. गॅरेजचा अॅडव्हायझर आधी "आठ दिवस मॅडम" म्हणाला होता, आता म्हणतो दार कंपनीकडून यायचंय, अजून तीन आठवडे धरून चाला.

एरवी मी पीएमपीच्या बसने फिरले असते. पण बाबांचं डाव्या खुब्याचं ऑपरेशन होऊन २४ दिवस झालेत आणि आठवड्यातून तीनदा त्यांना फिजिओला न्यायचं असतं. डॉक्टरांनी बजावलंय, सहा आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकता कामा नये. थोडक्यात, बसल्यावर गुडघे वर येतील अशी सीट चालणार नाही. वॅगनआरमध्ये आमचं छान बसलं होतं. सीट पूर्ण मागे, पाठ थोडी कललेली, सीटवर किराणा दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी. बाबा पाठमोरे टेकतात, पिशवीवरून सुळकन आत सरकतात, मग दोन्ही पाय एकदम आत. पिशवीची युक्ती फिजिओच्या मुलीने शिकवली.

बरीच वादावादी झाल्यावर गॅरेजने एक सेडान देऊ केली. टेप लावून मोजली. वॅगनआरची सीट जमिनीपासून २४ इंच, हिची जेमतेम २०. बाबांनी (एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर) नुसतं दारातून वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ही गाडी नाही, विहीर आहे."

तर, बदली गाडी द्यायला गॅरेज बांधील असतं का? इन्शुरन्समधून काही मिळतं का? आणि भाड्याने घ्यायचीच झाली तर काय बघून घ्यावी?

पाना_नंबर_१४

१९ वर्षं वर्कशॉपच्या फ्लोअरवर होतो, म्हणून लिहितो. बांधील वगैरे काही नसतं, तसं लेखी कबूल केलं असेल तरच. देतात ती बहुतेक टेस्ट ड्राइव्हची नाहीतर मालकाची जुनी गाडी, आणि ती ओरडणाऱ्याला मिळते. तुम्ही ओरडलात, बरं केलंत. आता अॅडव्हायझरला सोडा आणि वर्क्स मॅनेजरला ईमेल करा. पार्टची ऑर्डर कोणत्या तारखेला टाकली आणि ऑर्डर नंबर काय, एवढंच विचारा. निम्म्या वेळा पार्ट "यायचाय" म्हणजे ऑर्डरच सर्व्हे अप्रूव्ह झाल्यावर आठवड्याने गेलेली असते.

गाडी घ्याल तेव्हा आधी नंबरप्लेट बघा. लाल पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे डीलरच्या ट्रेड सर्टिफिकेटवरची (अजून नोंदणी न झालेली) गाडी, ती गिऱ्हाइकाला वापरायला द्यायची नसते. हात लावू नका. पांढरी पाटी असेल तर आरसी, इन्शुरन्स आणि पीयूसीचे फोटो काढून घ्या, चारी बाजूंनी व्हिडिओ करा आणि ठोकली तर खर्च कोणाचा हे जॉब कार्डावरच (गॅरेजच्या कामाच्या कागदावर) लिहून घ्या.

कोणी सांगेल की पार्ट येईपर्यंत आपलीच गाडी चालवा. दरवाजा नुसता चेपला असता तर मीही तेच म्हटलं असतं. पण पुढच्या सीटचा बेल्ट त्या मधल्या खांबालाच अडकवलेला असतो. वाकलेल्या खांबावर वडिलांना बसवू नका.

पेठेतला

ओला-उबर नावाचा प्रकार आहे. सीट मोजत बसण्यापेक्षा स्वस्त पडेल.

धायरीची

@पेठेतला, करून पाहिलं. पहिल्यांदा आली ती सेडान. दुसऱ्यांदा वॅगनआरच आली, पण ड्रायव्हर पुढची सीट मागे घ्यायला तयार नव्हता, मागे त्याची बॅग होती. तिसऱ्याने "वॉकर कुठे ठेवणार?" विचारून ट्रिप रद्द केली. दर वेळी ७२ वर्षांचा माणूस गेटवर वॉकर धरून उभा.

पॉलिसीवाली_काकू

पॉलिसीचं शेड्यूल काढ आणि अॅड-ऑनच्या (जादा हप्ता भरून घेतलेल्या सोयींच्या) यादीत डेली अलाउन्स किंवा कन्व्हेयन्स असं काही आहे का बघ. असेल तर गाडी गॅरेजात असेपर्यंत रोजचे ठरावीक पैसे मिळतात. पण सुरुवातीचे काही दिवस सहसा धरत नाहीत आणि दिवसांना वरची मर्यादा असते. गाडी मिळत नाही, पैसे मिळतात, त्यामुळे टॅक्सीच्या पावत्या जपून ठेव. नसेल तर आता घेता येणार नाही, रिन्युअललाच. झीरो डेप (पार्टच्या किमतीतून घसारा न कापण्याचं अॅड-ऑन) आहे म्हणून हे पण असेल असं समजू नकोस, दोन्ही वेगळी.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. आपल्या पॉलिसीतला १५ लाखांचा अपघात विमा "ओनर-ड्रायव्हर"चा असतो. दुसऱ्याच्या गाडीत तू ओनर नाहीस, तेव्हा तो तिथे धरू नकोस.

भाड्याने चालवायला घेणार असशील तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर "मित्राची गाडी, दिवसाला अमुक" अशा पांढऱ्या पाटीच्या गाड्या येतात. खाजगी गाडी भाड्याने दिली हे कळलं की कंपनी क्लेमवर बोट ठेवते, आणि निस्तरायचं तुला. क्लेमचाच घोळ झाला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिही, मग विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल. गॅरेजचा घोळ असेल तर १९१५, ग्राहक हेल्पलाइन.

आईचा_ड्रायव्हर

आमच्या आईचे दोन्ही खुबे झालेत, म्हणून बोलायचा अधिकार आहे. खाली सीटवर उशी टाकून उंची वाढवायच्या भानगडीत पडू नका. मऊ उशी दबते आणि माणूस अर्ध्यात अडकतो. आम्ही शेवटी एक कॅबवाला बांधून घेतला, ठरलेले वार, ठरलेली वेळ. सीएनजीची गाडी असेल तर डिकीत टाकी असते, वॉकर मावत नाही, तो मागच्या सीटवर आडवा टाकावा लागतो. हे फोनवरच बोलून घ्या.

धायरीची

उशिरा लिहितेय, माफ करा. ईमेलचा बाण बरोबर लागला. पार्टची ऑर्डर खरंच नऊ दिवस उशिरा गेली होती. मॅनेजरने दुसऱ्याच दिवशी फोन करून "वॅगनआरच देतो" म्हणून सांगितलं. गेले तर ड्रायव्हिंग स्कूलची गाडी! डावीकडेही क्लच आणि ब्रेक. एक तर बाबांच्या पायांशी ते लोखंड नको, आणि दुसरं म्हणजे ते आधीच प्रत्येक स्पीडब्रेकरला माझ्या शेजारी बसून जमिनीवर ब्रेक दाबतात. त्यांच्या पायाखाली खरा ब्रेक द्यायचा? परत पाठवली.

मग कॅबवालाच बांधला. वडगावचा आहे, सोम-बुध-शुक्र, थांबण्यासकट जाऊन-येऊन ६५० रुपये. अॅड-ऑन माझ्या पॉलिसीत नव्हतं (काकू, रिन्युअलला घेतेय). पण उशिराचं लेखी हातात होतं, म्हणून गॅरेजने माझ्या वाट्याच्या (इन्शुरन्स न देणाऱ्या) बिलातून ४,००० कमी केले. सहा फेऱ्यांचे पैसे सुटले. कॅबवाल्याचे काका स्वारगेट डेपोत होते असं निघाल्यापासून बाबा फिजिओला अर्धा तास आधीच तयार होऊन बसतात.

काल माझी गाडी आली. दार नीट बसतंय, खांबाची मापं मॅनेजरने समोर दाखवली. काच खाली जाताना मात्र करकरते. उद्या परत नेतेय.