सध्या काय वाचताय, पाहताय, ऐकताय? (भिजलेल्या एका पुस्तकावरून आठवलं)

परंडेकर
सप्टेंबरात सीनेचं पाणी गावात शिरलं तेव्हा आधी गुरं सोडली, मग ज्वारीची पोती माळवदावर नेली. भिंतीतल्या फडताळाकडं कुणाचंच लक्ष गेलं नाही. त्यात दादांची पुस्तकं होती. दादा म्हणजे माझे वडील, जाऊन सहा वर्षं झाली.

परवा फडताळ साफ करायला घेतलं. बरीच पुस्तकं लगदा होऊन गेली होती. रा. रं. बोराडे सरांची 'पाचोळा' तेवढी हातात आली. फुगलेली, मातकट, पण अक्षर शाबूत. १९७१ ची ही कादंबरी, आमच्याच भागातल्या बोलीतली. एका शिंप्याचं घर कसं मोडत जातं ते त्याची बायको पारबती स्वतःच्या तोंडानं सांगते. दादा ती दर उन्हाळ्यात वाचायचे. मी कधी हात लावला नव्हता.

चार दिवस बाजेवर पानं सुटी करून वाळवली आणि रोज रात्री आईला वाचून दाखवायला लागलो. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "आरं, ही तर आपल्या गल्लीतलीच कुणीतरी बोलायलीय." मला पुढं वाचता येईना. दादांचा आवाज कानात आला. बोराडे सरही २०२५ च्या फेब्रुवारीतच गेले, आमच्या पुराच्या सात महिने आधी.

शेवटची पंचवीस-तीस पानं मात्र एकमेकांना चिकटून वीट झालीत. आई रोज विचारती, पुढं काय झालं.

म्हणून म्हटलं, तुम्हालाही विचारावं. गेल्या वर्षभरात असं काय हाती लागलं, जे दुसऱ्याला द्यावंसं वाटलं? पुस्तक, मालिका, सिनेमा, गाणं, काहीही. कसं आवडलं तेही सांगा.

अहमदपूरची आई
दादा, वाचून गलबललं. पुराचं टीव्हीवर बघत होतो आम्ही, तुमच्याकडं लई झालं.

माझं पुस्तक नाही, मालिका आहे. 'कोटा फॅक्टरी', राजस्थानात कोट्याला शिकवणीसाठी राहणाऱ्या लेकरांची. लेक लातूरला ट्युशन एरियात खोली घेऊन राहते, डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेची तयारी. दोन वर्षं झाली. मी महिन्यातून दोनदा जाते, धपाटे, चटणी, तूप घेऊन. एका रविवारी तिनंच मोबाईल उभा करून लावून दिली. सगळी काळी-पांढरी. मी विचारलं, अगं रंग कामून नाही हिला? ती म्हणली, "आई, आमचा दिवस असाच असतो."

तिथून पुढं मी मालिका कमी अन् तिच्याकडंच जास्त बघितलं. ज्यांची लेकरं लातूरला आहेत त्यांनी लेकरासंग बसून बघा. एकट्यानं नका बघू. आता मी फोनवर मार्क विचारत नाही, जेवली का विचारते.

जिंतूरचा तुरीवाला
तूर काढायलोय. मळणी यंत्र आज आमच्या वावरात आहे. रात्री लिहितो, माझ्याकडं एक आहे सांगायला.

मानवतचे गुरुजी
परंडेकर, पानं सोडवायची घाई करू नका. मधे टीपकागद घालून वर वजन ठेवा आणि रोज कागद बदला. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात गळती झाली तेव्हा आम्ही असंच केलं होतं, निम्मी पुस्तकं बचावली. पण वीट झाली असेल तर अवघड आहे.

माझी शिफारस : आसाराम लोमटे यांचा 'आलोक'. आमच्या परभणी जिल्ह्यातला लेखक. या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा मी अभिमानानं विकत घेतला आणि कपाटात ठेवून दिला. वाचला यंदा, निवडणुकीच्या ड्युटीवरून आल्यावर. लांब कथा आहेत, सावकाश चालतात. गावातलं राजकारण, जात, बाईची कोंडी, पाण्यावाचून माणसाचं काय होतं, हे सगळं आहे. ओरडून काहीच सांगितलेलं नाही. मतदान केंद्रावर दोन दिवस जी माणसं समोरून गेली तीच मला पानापानावर भेटली. ड्युटीच्या आधी वाचला असता तर त्यांच्याशी आणखी नीट बोललो असतो.

हिंगोली, ग्रामसेवक
गुरुजी, ड्युटीचं नाव काढू नका, अजून पाठ दुखायलीय.

आमच्या घरात 'पंचायत' मालिका चालू आहे. माझ्या बायकोनं आधी पाहिली आणि मला म्हणली, तुमच्यावर काढलीय. खरंच सगळं ओळखीचं निघालं. कार्यालयातच झोपायचं, रात्री कुणीतरी दार वाजवणार, नावावर सरपंचबाई अन् खुर्चीत तिचा नवरा. माझ्या पहिल्या गावात पहिले सहा महिने मी असाच ग्रामपंचायतीच्या खोलीत राहिलो. एक म्हातारी रोज संध्याकाळी भाकरी आणून द्यायची. पैसे घेतले नाहीत कधी. तिची घरकुलाची फाईल मी मंजूर करून आणली त्या दिवशी ती रडली, मीही रडलो. कथा फुलेरा नावाच्या उत्तर प्रदेशातल्या गावची आहे, पण शूटिंग मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात झालंय. माझ्या मनात मात्र ते आमचं सेनगाव तालुक्यातलंच गाव आहे.

चौथ्या सीझनमध्ये निवडणूक आहे, त्यात

अहमदपूरची आई
भाऊ थांबा!! चौथा राहिलाय माझा. शेवट सांगू नका.

हिंगोली, ग्रामसेवक
बरं ताई, तोंड बंद. लेकीची परीक्षा झाली की दोघी मिळून बघा.

माजलगावची, आता चिंचवडला
स्वयंपाक करता करता लिहितेय, चुका पोटात घाला.

मी सध्या जात्यावरच्या ओव्या ऐकतेय. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून बायकांकडून ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर! आता त्या 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात, मराठीत लिहिलेल्याही आहेत. ऐकता ऐकता एकदम आमच्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या लागल्या, १९९६ ला रेकॉर्ड केलेल्या. बाबासाहेबांवरच्या. मी पोळी तव्यावर तशीच सोडून बसले.

आईला फोन लावला, स्पीकरवर ऐकवल्या. ती आधी गप्प. मग तिनं पुढची ओवी स्वतःच म्हणली, मग आणखी एक, मग भावावरच्या, मग माझ्या आजीनं तिला सासरी पाठवताना म्हणलेल्या. पाऊण तास. मला माझ्या आईला इतकं येतं हे चाळीस वर्षांत माहीत नव्हतं! आता दर रविवारी ती म्हणते अन् मी मोबाईलवर रेकॉर्ड करते. चौऱ्याहत्तर झाल्या.

तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर आजच लावून द्या.

परंडेकर
ताई, आईला आत्ता लावून दिलं. चार-पाच ओव्या झाल्या अन् म्हणाली, "ह्या बाया चाल वेगळी लावायल्यात, आमची अशी नव्हती." आणि सुरू झाली. रेकॉर्ड करायला घेतलंय.

माजलगावची, आता चिंचवडला
अय्या!! दादा प्रत्येकीच्या आधी गावाचं नाव म्हणून घ्या, मागाहून लक्षात राहत नाही.

शहागंजचे चाचा
आदाब सगळ्यांना. मी संभाजीनगरचा, जुन्या शहरातला. घरात उर्दू, शाळा मराठी.

नातीनं मला फोनवर गाणी लावायला शिकवलं. तिला म्हटलं, 'बाजार' सिनेमातलं भूपिंदरचं 'करोगे याद तो हर बात याद आएगी' लाव. संगीत खय्याम साहेबांचं, १९८२ चा सिनेमा. ती म्हणाली, नाना हे कुणी लिहिलं? मी म्हटलं, बेटा, लिहिणारे आपल्याच शहरातले. बशर नवाज साहेब. तिला खरं वाटेना. तिच्या हिशेबानं गाणी मुंबईतच लिहितात. बशर साहेब २०१५ ला गेले, याच शहरात.

मग मी तिला आणखी मागं नेलं. अठराव्या शतकातले सिराज औरंगाबादी. त्यांची 'ख़बर-ए-तहय्युर-ए-इश्क़' आबिदा परवीन यांच्या आवाजात ऐकवली. अर्थ तिला निम्मा कळला असेल, पण डोळे मिटून ऐकत होती. मागच्या जुम्माला मी तिला सिराजच्या मजारीवर घेऊन गेलो. तिनं दोन फुलं ठेवली आणि विचारलं, नाना, हे आमच्या पुस्तकात का नाही?

ज्यांना उर्दू येत नाही त्यांनीही ऐका. आवाजच सगळं सांगतो.

मानवतचे गुरुजी
चाचा, नातीचा प्रश्न मी वर्गात मांडणार. सिराज आणि अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत एका तासाला शिकवले पाहिजेत, दोघंही आपलेच.

अंबाजोगाई
गुरुजींनी दासोपंत म्हणल्यावर मला राहवेना. पासोडी पाहिलीय का कुणी? कापडावर लिहिलेला ग्रंथ. एवढं मोठं कापड अन् एवढं बारीक अक्षर!

पण मला सांगायचं होतं पखवाजाचं. पद्मश्री शंकरबापू आपेगावकर, आमच्या शेजारच्या आपेगावचे. भजनातला, वारीतला पखवाज त्यांनी मोठ्या मंचावर नेला. मुलगा उद्धवबापूही वाजवतात. माझा पोरगा दिवसभर कानात गाणी घालून फिरायचा. एकदा गाडीत मी बापूंचं वादन लावलं. त्यानं कानातलं काढलं. आता सप्ताहात मृदंग शिकायला जातोय, बोटं सुजवून घेतो पण थांबत नाही. रात्री मांडीवर ताल धरत झोपतो. मला दुसरं काही नको.

गेवराईची काकू
सगळ्यांचं वाचलं, छान आहे. कुणी मुरमुऱ्यांची सुशीला करताना ते किती वेळ भिजवता? माझी लगदा होतीय. पाहुणे बसलेत बाहेर.

अहमदपूरची आई
काकू भिजवायचे नाहीतच, पाण्यात बुडवून लगेच पिळून काढायचे. फोडणीत शेंगदाणे आधी घाला.

गेवराईची काकू
झाली छान. देव भलं करो. आता बसते ओव्या ऐकत.

जालना, सध्या पुण्यात
मी एक सिनेमा सांगते. सगळ्यांना आवडेल की नाही माहीत नाही, तरी सांगते. 'साबर बोंडं'. रोहन कानवडे यांचा. २०२५ ला अमेरिकेत सनडान्सला त्याला परदेशी कथाचित्रांमधलं सगळ्यात मोठं पारितोषिक मिळालं, आपल्या मराठी सिनेमाला! वडील गेल्यावर मुलगा मुंबईहून दहा दिवस गावी येतो. सुतक, विधी, येणारे-जाणारे पाहुणे, प्रत्येकाचं एकच विचारणं, लग्न कधी करणार. त्याचं प्रेम एका बालमित्रावर आहे, ते तो नातेवाइकांना सांगू शकत नाही.

माझा भाऊ असाच आहे. बाबा गेले तेव्हा तो दहा दिवस ओट्यावर मान खाली घालून बसला होता आणि आत्या तेच विचारत होत्या. मी तेव्हा त्याच्या बाजूनं एक शब्द बोलले नाही. सिनेमा संपल्यावर थिएटरच्या पायऱ्यांवरून त्याला फोन केला. फार काही बोललो नाही, मी म्हटलं, संक्रांतीला दोघंही या. आले दोघं. आईनं दोघांच्या हातावर तिळगूळ ठेवला.

माजलगावची, आता चिंचवडला
माय गं. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

शहागंजचे चाचा
बेटी, जीते रहो. तिघंही.

जिंतूरचा तुरीवाला
आत्ता घरी आलो. अंगाला तुरीची खाज सुटलीय, अंघोळ करून बसलो. सगळ्यांचं वाचलं. जालन्याच्या ताईचं दोनदा वाचलं.

माझं छोटंच आहे. भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल'. शाळेत धडा होता, तेव्हा परीक्षेपुरता पाठ केला. टमाट्याला भाव नाही अन् बाप भर बाजारात स्वतःच्या मालाचा चिखल करतो, पोरगा ते बघतो. गेल्या साली मी अर्धा एकर टमाटे लावले होते. तोडणीचा अन् गाडीभाड्याचा खर्च निघंना म्हणून वावरातच सोडले, शेळ्या घातल्या. त्या रात्री झोप लागंना. मोबाईलवर ती गोष्ट कुणीतरी वाचून दाखवलेली सापडली. अंधारात ऐकली. माझा पोरगा सातवीत आहे, तोही जागाच होता, माझ्या बाजूला येऊन ऐकायला लागला. संपल्यावर म्हणला, "पप्पा, तुम्ही बरं केलं शेळ्या घातल्या. त्यांचं तरी पोट भरलं."

कोण म्हणतं, गोष्टीनं भाव मिळत नाही, मग ती काय कामाची? मला त्या रात्री झोप लागली. एवढंच सांगायचं होतं.

हिंगोली, ग्रामसेवक
मामा, पोरगा हुशार आहे तुमचा. तुरीला काय उतारा पडला?

जिंतूरचा तुरीवाला
एकरी साडेचार क्विंटल. पाणी लागलं नसतं तर सात झाली असती.

वैजापूर
उशिरा आलो, कांद्याला पाणी द्यायची पाळी होती.

परंडेकर, बोराडे सर आमच्या वैजापूरच्या कॉलेजात प्राचार्य होते. माझे थोरले भाऊ त्यांच्या हाताखाली शिकले. भाऊ सांगायचे, सर पोरांना म्हणायचे घरात जसं बोलता तसंच लिहा. भावानं घेतलेली 'पाचोळा' माझ्याकडं आहे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत धड. भाऊ आता नाहीत. घरात कुणी वाचत नाही, मीच अधूनमधून काढून पुसून ठेवतो.

ती तुमच्या आईसाठी पाठवतो. माझा भाचा ट्रक घेऊन नगर-करमाळ्यावरून सोलापूरला जातो, उद्या निघेल. करमाळ्यात घ्याल का?

परंडेकर
दादा, काय बोलू. करमाळा मला जवळ आहे, मोटारसायकलवर येतो. वाचून झाली की तशीच परत पाठवतो.

वैजापूर
परत कशाला, तुमच्या आईकडंच राहू द्या. त्याबदल्यात आईच्या आवाजातल्या चार ओव्या पाठवा. भाचा सकाळी अकराच्या सुमाराला करमाळ्याच्या स्टँडसमोर उभा राहील. पुस्तक पिवळ्या पिशवीत बांधलंय.

परंडेकर
आईला सांगितलं. म्हणाली, त्याला घरी जेवायला घेऊन ये, उपाशी पाठवू नको. दादा, भाच्याला भाकरी-ठेचा चालतो का?