भिशीच्या पैशातून दशमांश दिला, चुकलं का माझं?

शेवगावची_लेक

जय ख्रिस्त सगळ्यांना. लिहू की नको असं करत पंधरा दिवस गेले, आज लिहितेच.

मी मूळची शेवगाव तालुक्यातली, लग्नानंतर पुण्यात आले. एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. पगार ३१,५०० आणि पीएफ वगैरे कापून हातात २८,९०० येतात. मिस्टर शाळेची व्हॅन चालवायचे. जूनमध्ये पाय मोडला, तेव्हापासून घरीच आहेत. घरभाडं ९,०००, कर्जाचा हप्ता ४,२००, मुलगी दुसरीत. सासरे नाहीत, सासूबाई आमच्याजवळ असतात. त्यांना बीपी आणि शुगर दोन्ही आहे.

आम्ही जातो त्या फेलोशिपमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या मंडळीत, महिन्याच्या पहिल्या रविवारी दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, दिलेल्यांना पुढे बोलावतात आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. बाकीचे खुर्चीवर बसून राहतात. जुलै आणि ऑगस्ट आम्ही बसून राहिलो. मुलगी मोठ्याने म्हणाली, “मम्मी, आपण का नाही जायचं?” पुढच्या रांगेतल्या दोघी वळून बघायला लागल्या. नंतर पास्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं, की देवाचा वाटा अडला की घरातला आशीर्वाद अडतो, मिस्टरांचा पाय का भरत नाही याचा विचार करा. आणि दशमांश पूर्ण पगारावर द्यायचा, कापून आलेल्या रकमेवर नाही.

सप्टेंबरात माझा भिशीचा नंबर लागला. वीस हजार आले. त्यातून तीन महिन्यांचे ९,४५० पाकिटात घातले आणि पुढे गेले. प्रार्थनेत रडू आलं, हलकं वाटलं, खोटं का सांगू.

त्याच आठवड्यात सासूबाईंची गादी झाडताना उशीखाली कागदाची पुडी सापडली. आत गोळ्या होत्या, प्रत्येक गोळी सुरीने मधोमध कापलेली. एका महिन्याच्या गोळ्या त्या दोन महिने पुरवत होत्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. मी नर्स आहे हो. दिवसभर दुसऱ्यांच्या आयांना वेळेवर गोळ्या देते.

तेव्हापासून रात्री डोळा लागत नाही. अंगावर कर्ज असताना दशमांश द्यायचा का? पूर्ण पगारावर की हातातल्या? आणि आमच्या गावच्या ख्रिस्ती देवळाचे पत्रे गळतात, तिथे थोडे पाठवले तर तो दशमांश धरतात का? इथे म्हणतात की जिथे आत्मिक अन्न मिळतं तिथेच सगळा द्यायचा.

टेम्पोवाला_चिंचवड

ताई, माझी साक्ष सांगतो. २०११ पासून दशमांश देतो, एक महिना चुकवलेला नाही. आधी महिनाअखेरीला माझ्या खिशात काय उरायचं ते मलाच कळायचं नाही. दहावा भाग पहिला बाजूला काढायची सवय लागली आणि बाकीच्या नऊ भागांचाही हिशोब लागला. दारू तेव्हाच सुटली. त्यामुळे देणं सोडा असं मी कुणालाच सांगणार नाही.

पण एक सांगतो. भाड्याचे पैसे आले की आधी डिझेल, टोल, हमाली काढतो आणि उरलं त्यावर दशमांश धरतो. आमच्या पाळकांनीच, म्हणजे पास्टरांनीच, तसं सांगितलंय. आमच्याकडे पाकिटावर नाव नसतं, पुढेही बोलावत नाहीत. कुणी दिला आणि कुणी नाही हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. तुमच्या लेकराला तो प्रश्न पडायलाच नको होता. वाचून वाईट वाटलं.

खजिनदार_काका

जय ख्रिस्त ताई. मी निवृत्त शिक्षक, इतिहास शिकवायचो. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या मंडळीचा एकोणीस वर्षं खजिनदार होतो. दोन वर्षांपूर्वी वही दुसऱ्याच्या हाती दिली. जरा लांबेल, पण वाचा.

पूर्ण पगार की हातातला, हे शास्त्रात सापडणार नाही, कारण तिथला दशमांश पगाराचा नाहीच. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा २७ वा अध्याय उघडा. भूमीचं पीक, झाडांची फळं आणि मेंढपाळाच्या काठीखालून जाणारं दर दहावं जनावर, असा तो आहे. शेतातल्या मजुराने आपल्या मजुरीचा दहावा भाग द्यावा असं मोशेच्या नियमशास्त्रात मला कुठे सापडलं नाही. आपण पगारदार झालो आणि तीच रीत पगाराला लावली. रीत चांगली आहे, मी स्वतः आयुष्यभर पाळली. पण ३,१५० की २,८९० या २६० रुपयांवरून देव तुमच्याशी घासाघीस करणार नाही.

आता बायबलमधल्याच ‘अनुवाद’ पुस्तकाचा १४ वा अध्याय वाचा, बाविसाव्या वचनापासून. तुमच्याकडे हा भाग कधी वाचतात का, मला शंका आहे. तिथे दशमांशाचं काय करायचं ते लिहिलंय. घरच्या सगळ्यांना घेऊन देवासमोर जायचं आणि तिथे आनंदाने खायचा. वाट लांबची असेल तर धान्य विकून पैसे गाठीला बांधायचे आणि तिथे पोचून मनाला येईल ते घेऊन खायचं. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश आपल्याच गावात साठवायचा, कशासाठी? लेवी (देवाच्या सेवेतले, स्वतःची जमीन नसलेले लोक), उपरी, अनाथ आणि विधवा यांनी येऊन पोटभर खावं म्हणून. ताई, ज्या विधवेच्या पोटासाठी दशमांश सांगितलाय ती तुमच्या घरात आहे, आणि ती सुरीने गोळ्या कापतेय.

मार्क ७ मध्ये प्रभूने याच गोष्टीवर बोट ठेवलंय. आईबापाला द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला अर्पण केलं म्हणायचं आणि म्हाताऱ्यांना उपाशी ठेवायचं, याला तो देवाचं वचन रद्द करणं म्हणतो. हे तुमच्यावर रोखून लिहीत नाही. पुडी सापडण्याआधी तुम्हाला ठाऊकच नव्हतं. पण देवाचा वाटा अडला की आशीर्वाद अडतो, हे मलाखी ३:१० वरून सांगतात (सगळा दशमांश भांडारात आणा, मी आशीर्वाद ओतीन). तसं सांगणाऱ्यांनी पाचच वचनं मागे जायला हवं होतं. तिथे मजुराची मजुरी बुडवणारे आणि विधवा-अनाथांना गांजणारे यांच्याविरुद्ध देव स्वतः साक्ष द्यायला उभा आहे. आणि मिस्टरांचं मोडलेलं हाड दशमांशाने अडतं, हे कुठल्याच पानावर नाही. या एका वाक्याचा मला फार राग आला. हाड भरायला किती दिवस लागतात हे तुम्हाला त्या पास्टरांपेक्षा जास्त कळतं.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी देण्याच्या विरुद्ध आहे असं वाटेल. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणं मांडलं आणि पुढे कित्येक वर्षं पाळक, शाळामास्तर, दवाखाने यांचा मोठा भार परदेशातून येणाऱ्या पैशावर होता. आपल्या लोकांना देण्याची सवय उशिरा लागली. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ ही येशूभक्तांची संगत मांडली. ख्रिस्ती माणसाने या मातीतल्या लोकांच्या आधाराने उभं राहावं ही त्यांची तळमळ होती. आज आमच्या खेड्यात ६२ घरं आहेत. रविवारच्या थैलीत नऊशे ते अकराशे पडतात. पाळकांच्या घरची चूल त्यातून, मासिक वर्गणीतून आणि कापणीच्या सणातून पेटते. लोकांनी द्यायचं सोडलं तर दुसरीकडून काही येणार नाही.

कापणीच्या सणाला आमच्याकडे एकदा याच. बाजरीची कणसं, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या, टोपलीत अंडी, सगळं वेदीपुढे मांडतात आणि उपासना झाली की लिलाव. एका वर्षी एका म्हातारीने एकच अंडं आणलं होतं. पदराच्या गाठीत बांधून आणलं, गाठ सोडताना हात थरथरत होते. ते पहिल्यांदा पन्नासला गेलं. घेणाऱ्याने पुन्हा ठेवलं, मग शंभरला, मग दीडशेला. असं अकरा वेळा विकलं गेलं आणि शेवटी कुणीतरी ते म्हातारीच्याच ओटीत परत घातलं. त्या अंड्याचे १,९४० रुपये मी स्वतः वहीत लिहिले. तिचं नाव लिहिलं, घेणाऱ्यांची नाही.

सक्तीने काय होतं तेही बघा. युरोपात शार्लमेन राजाने ७७९ साली दशमांश कायद्याने बांधला. पुढे शेतकऱ्याच्या खळ्यावरून दहावी पेंढी उचलून न्यायला लागले आणि लोक चर्चला सावकार समजायला लागले. फ्रान्समध्ये क्रांती होताच १७८९ साली तो रद्द झाला. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने पेंढ्यांऐवजी रोख रक्कम ठरवली. देणं वसुली झालं की ते कुणाला नकोसंच होतं.

गावाला पाठवलेले धरतात का, असं विचारलंत. धरतात. गळक्या पत्र्याखाली उपासना करणारी माणसंही त्याच प्रभूची आहेत. फक्त पावती घ्या, इथेही आणि तिथेही, आणि वर्षाचा जमाखर्च मागा. मागायला लाजू नका. बायबलमधल्या नहेम्याने मंदिराच्या भांडारावर चार विश्वासू माणसं नेमली होती, एकट्याच्या हातात किल्ली दिली नव्हती. आमच्याकडे थैली उपासनेनंतर लगेच टेबलावर उलटी करतात, दोघं मोजतात, दोघं सही करतात आणि सोमवारी पैसे बँकेत. आणखी एक बघा. गणना १८ प्रमाणे लेव्यांनाही आपल्याला मिळालेल्या दशमांशाचा दशमांश द्यावा लागायचा. तुमच्या फेलोशिपमधून गरिबाघरी काय जातं, ते विचारा.

वसईची_मावशी

मी कॅथलिक, आमची रीत वेगळी. आमच्यात दशमांशाची सक्ती नाही. ऐपतीप्रमाणे ख्रिस्तसभेच्या गरजा भागवा, एवढाच नियम. मिस्साला, म्हणजे आमच्या उपासनेला, थैली फिरते, ज्याला जे जमेल ते टाकतो.

मला सांगायचंय ते वेगळंच. आमच्या धर्मग्रामात (चर्चच्या परिसरात) संत विन्सेंट दि पॉल संस्थेचे लोक आहेत. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर हे काम सुरू केलं, गरिबांच्या घरी स्वतः जायचं म्हणून. माझे मिस्टर गेले तेव्हा आमचा लहान दीड वर्षाचा होता. ते दोघं जण संध्याकाळी सातनंतर यायचे, दिवेलागण झाल्यावर, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून मागच्या दाराने. तांदूळ, तेल, रॉकेल. आठ महिने आले. एकदाही कुणापुढे बोलले नाहीत.

बाई, तू किती द्यायचं ते विचारतेयस. पण नवऱ्याचा पाय मोडलाय, एकटीच्या पगारावर पाच माणसांचं घर... तीन का चार, जी काही असतील ती. अशा वेळी तुझ्या मंडळीने तुझ्या दारात यायला हवं. कुणी आलं का?

शेवगावची_लेक

मावशी, चार जण आहोत. आणि नाही, कुणी आलं नाही. प्रार्थनेसाठी एकदा आले होते, चहा पिऊन गेले. हा प्रश्न मला सुचलाही नव्हता. काल ड्युटीवर जाताना बसमध्ये वाचला आणि स्टॉप चुकला.

काका, अनुवाद १४ सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांना वाचता येत नाही, पण पाठ खूप आहे. विधवेचं वचन आलं तेव्हा म्हणाल्या, “पुन्हा वाच.” मग म्हणाल्या की त्यांची सासू परातीत पीठ घेताना प्रत्येक वेळी एक मूठ डब्यात टाकायची, आणि शनिवारी तो डबा देवळाच्या ओट्यावर जायचा. ज्या घरी चूल पेटलेली नसेल ते घर न विचारता तो उचलायचं. एका दुष्काळात तो डबा आमच्याच घरी आला होता म्हणे. हे मला आज कळलं.

गोळ्या आता मी माझ्या हाताने देते, सकाळ-संध्याकाळ, पूर्ण गोळी. त्यासाठी महिन्याला १,४०० बाजूला काढलेत, ते पहिले. या महिन्यात पाकिटात ५०० घातले, नाव न लिहिता, आणि ३०० गावच्या पाळकांना पाठवले. त्यांचा लगेच फोन आला, पावती आईकडे देतो म्हणाले. बाकी भिशीचे हप्ते फिटल्यावर बघू.

टेम्पोवाले दादा, तुमचंही पटलं. सोडणार नाही.

पहिल्या रविवारी पुढे गेले नाही. मुलीला सांगितलं, आपण इथूनच प्रार्थना करू. पास्टरांशी अजून बोलले नाही. गुरुवारी घरगुती प्रार्थना आहे, ती झाल्यावर थांबून बोलणार आहे, आधी हाडाविषयी आणि मग हिशोबाविषयी. मिस्टर म्हणतात, मीपण येतो कुबड्या घेऊन.